नववीचा तास अन् रामाकोन्याचे पोहे

...अन् वरून प्रिन्सिपल म्हणते काय, "अंकुश सर, थोडं ॲडजस्ट करून घ्या न!" अहो थोडं? तुम्हीच सांगा, तीनशे बारा पोट्टे म्हणजे थोडं असते काय? आवाज येऊन राहिला न मागपर्यंत? माफ करा, सवय पडली... आता मी जेवाले बसलो तरी विचारतो, आवाज येऊन राहिला न, अन् आई म्हणते, "येऊन राहिला रे, भाजी वाढू का?"

तर तुमाले सांगतो, मी सौंसरचा, शाळा नागपूरची, ऑनलाइनवाली, अन् शाळा म्हणजे काय, तर माह्या घरातली एक खुर्ची अन् एक लॅपटॉप. विज्ञान शिकवाले घेतलं होतं मले. मग गणिताच्या मॅडम सोडून गेल्या, गणित माह्याकडं. इतिहासवाले सर पळाले, इतिहास माह्याकडं. जो सुटला तो सुटला न बाप्पा, जो राहिला त्याच्या गळ्यात! मग आमचे प्रिन्सिपल मोरेश्वर सर, ज्याइले मी आजवर छातीच्या खाली पाहिलेलं नाही, त्याइनं नववीच्या साऱ्या तुकड्या एकाच तासात कोंबल्या. म्हणे, "ऑनलाइनले भिंती नसतात सर, मग वर्ग भरते कसा?" भिंती नाहीत! मग मी कायच्यात कोंडलेला आहो? अहो, बाथरूमले जाचं असलं तरी पोट्ट्याइले एक गणित द्यावं लागते... मोठं गणित!

तुम्ही म्हणसान, सोडून दे न मग. सोडू कसा? मास्तर आहे म्हणून तर पोरीवाले बसा म्हणते! नोकरी सोडावी तर पोरगी कोण देईन, अन् धरून ठेवावी तर पोरगी पाहाले जाचं कधी? रविवार? रविवारी शंका विचाराचा तास! दोन स्थळं अशीच गेली. एक पोरगी तर माहं बहुपदीचं प्रकरण संपते तोवर पांढुर्ण्याले नांदाले गेली! आई म्हणे, "नववीचे पोट्टे दहावीत जाऊन राहिले रे, तू तिथचा तिथंच!"

मग आलं बाजूच्या रामाकोना गावचं स्थळ. दीपाली. बोरगावच्या दवाखान्यात नर्स. तिले सुट्टी मंगळवारी, अन् मंगळवारी माह्यावाले सकाळपासून तासच तास. सुट्टी मागितली तर मोरेश्वर सर... हो, बरोबर, तेच! "थोडं ॲडजस्ट करून घ्या न!"

केलं मग! सोमवारी भिंतीसमोर बसलो अन् साऱ्या तासाइचं रेकॉर्डिंग केलं. लय अकलेचं काम! मधात मधात थांबलो, जसं कोणी उत्तर देऊन राहिलं. मग म्हटलं, "शाब्बास! बस खाली!" दोनदा रागावलो पण, "कोण हसून राहिलं तिकडं?" मंगळवारी लॅपटॉपवर ते लावून देल्लं, खोलीले कुलूप घातलं, अन् आईले घेऊन निघालो रामाकोन्याले. आवाज येऊन राहिला न? कारण खरी गंमत आता आहे.

गेलो. जय भीम, जय भीम झालं, बसलो. दीपालीचे बाबा, गुणवंताभाऊ, मोठे प्रेमळ. पोहे आले. पोह्यामागून दीपाली आली. काय सांगू तुमाले! मी पहिला घास घेतला, अन् मधल्या खोलीतून आवाज... "आवाज येऊन राहिला न?"

माहा आवाज! आई माह्याकडं पाहे, मी वर छताच्या कवेलूकडं पाहून राहिलो! गुणवंताभाऊ पाणी आणाले उठले, अन् आतून मी, "शाब्बास! बस खाली!" ते बसले न खाली!

आईनं सावरलं, "आत कोणी पाहुणे आहेत काय जी?" गुणवंताभाऊ म्हणे, "पाहुणे कायचे, लहानी पोरगी उर्वशी, नववीत आहे. तिचे मास्तर. लय बोलते बिचारा! वर्ष झालं, आमाले आमच्या घरात बोलाले जागा नाही!"

तेवढ्यात उर्वशी फोन घेऊन बाहेर! एकदा फोनाकडं पाहे, एकदा माह्याकडं. "बाबा! सर तर इथं पोहे खाऊन राहिले!" अन् पोट्टीनं कॅमेरा केला चालू! जे पोट्टे वर्षभर म्हणत, सर नेट नाही, सर कॅमेरा फुटला, साऱ्याइचे कॅमेरे फटाफट चालू! कोणी संत्र्याच्या बगिच्यात, कोणी गोठ्यात, मोहगावचा गौतम तर आजीले घेऊन बसला! "सर, मॅडम दाखवा!" आजी म्हणे, "पोरगी नाकीडोळी नीटस आहे, मास्तर, हो म्हणून टाका!" अन् फोनातून मीच ओरडून राहिलो, "कोण हसून राहिलं तिकडं?"

अन् त्या गर्दीत एक चौकोन... मोरेश्वर सर. तपासणीले आलेले.

खरं सांगतो, मले वाटलं, नोकरी गेली, म्हणजे पोरगीही गेली, अन् आता तर ती मनात भरली होती न! तर मधातच दीपाली बोलली. म्हणे, "बाबा, वर्षभर भिंतीआडून ऐकून राहिली मी याइले. एकच गणित दहा पोट्टे दहा वेळा विचारते, पण हे कधी कोणाले गधा म्हणत नाहीत. मले पसंत आहेत. फक्त लग्नाले सोता या म्हणा, रेकॉर्डिंग नोका पाठवू."

अन् मोरेश्वर सर? काढलं असतं तर सुटलो असतो! ते तर खुश! म्हणे, "वा सर! नववीले रेकॉर्डिंगवाले तुम्ही, अन् दहावीले खरेवाले तुम्ही! दहावी पण तुमचीच!"

आता लग्नाची सुट्टी मागितली. म्हणे, "लग्नाले वेळ किती लागते?" अन् मी खरं सांगून बसलो न... आपलं बौद्ध लग्न, त्रिशरण, पंचशील, हार घातले, फुलं टाकली, झालं. म्हणे, "मग एका तासात बसते न सर! पुढचा तास दहावीचा आहे, थोडं ॲडजस्ट करून घ्या!"

तर लग्नाले या बरं साऱ्याइनं. टाळ्या वाजवा, पोटभर जेवा. अन् पंगतीत नवरदेव दिसला नाही तर शोधू नोका... मधल्या खोलीतून आवाज येऊन राहिला असन.