डाव्या कानाचं खास औषध

...आणि वर तो औषधवाला मला म्हणतो कसा, "खास तुमच्यासाठी बनवलंय." अहो, खास माझ्यासाठी म्हणजे काय? जगात कान काय मला एकट्यालाच आहे? तुम्हाला सांगतो, माणसानं कोट खास शिवून घ्यावा, बूट खास बनवून घ्यावेत, पण औषध तसं घेऊ नये. कोट नाही बसला तर शिंप्याच्या अंगावर फेकता येतो. कानात गेलेलं औषध कुणाच्या अंगावर फेकणार?

बरं, कान कुणाचा? तर माझा. हाब्बो रोल्फ्सचा. आमच्या ईस्ट फ्रीसलंडात, जर्मनीच्या समुद्रकाठी, गाव तिथं चर्च, चर्च तिथं भिंतभर नळ्यांचा ऑर्गन, आणि समुद्राची दमट हवा खाऊन तो ऑर्गन बेसूर झाला की फोन मला. मी वर नळ्यांच्या जंगलात शिरतो, बायको वुबके खाली पट्ट्यांसमोर बसते, मी ओरडतो "पुढची", ती पुढची पट्टी दाबते. अशी आख्खी जिंदगी काढली आम्ही. लोक म्हणतात नवराबायकोत संवाद हवा. आमच्यात भरपूर आहे. "पुढची." "पुढची." "अगं, पुढची."

तर त्या कानात बुरशी झाली. हसू नका. भिंतीला होते, पावाला होते, तशीच कानाला होते. आधी खाज, मग दडा, मग डोक्याच्या डाव्या बाजूला कुणी उशी शिवून टाकावी तसं. आणि कधी? ईस्टरच्या तोंडावर. ओस्टरवार्फ गावच्या चर्चचा ऑर्गन सुरात लावायचा राहिलेला, आणि तिथली धर्मगुरू, पास्टरबाई, रोज फोन करून "कधी येताय, कधी येताय" म्हणून माझा उजवा कान खातेय. तेवढाच चालू होता ना.

गेलो कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर फ्रेरिक्स. बाई हुशार, पण कानात डोकावून "अरे वा" म्हणणाऱ्या डॉक्टरवर किती विश्वास ठेवायचा, तुम्हीच सांगा. म्हणाली, "बुरशी आहे. फार छान वाढलीय." जशी काय मी कुंडीत लावली होती. कान साफ केला, दुकानात मिळतात ते साधे थेंब दिले. ते घातले मात्र, आणि दुसऱ्या दिवशी कान हा असा, भट्टीतून काढलेल्या बनासारखा. लाल, फुगलेला, गरम. वुबके म्हणाली, "लोणी लावू का?"

परत डॉक्टर. म्हणे थेंब टिकावेत म्हणून त्यात जे घालतात तेच माझ्या कानाला सोसत नाही. "तुमचा कान नाजूक आहे, रोल्फ्स." नाजूक! पन्नास-पन्नास किलोच्या नळ्या खांद्यावर वाहिल्या मी, आणि कान नाजूक. "ओकेनकडे जा, तो फार्मसीत स्वतः घोटून देईल, त्यातलं काही न घालता. आणि कान मोकळा होईपर्यंत काम बंद." मी म्हटलं, "आणि ईस्टर?" तर म्हणते, "ईस्टर माझ्या हातात नाही."

आता हा ओकेन. देवाशपथ, इतका आनंदी औषधवाला मी पाहिला नाही. बिचाऱ्याला दिवसभर तयार डब्या फळीवरून काढायच्या आणि पिशवीत घालायच्या, एवढंच काम. घोटायचं काही आलं की त्याच्या घरी बारसं. चिठ्ठी वाचली आणि डोळे चमकले. "अच्छा... बरं... कापूर चालतो? ग्लिसरीन? मेंढीच्या लोकरीचं तेल? दाण्याची ॲलर्जी?" मी म्हटलं, "अहो, मी कानात घालणार आहे, खाणार नाहीये." "तरी विचारलेलं बरं," म्हणाला, "आपला कान आहे." आपला! माझ्या कानात त्याची भागीदारी कधी झाली ते मला कळलंच नाही.

संध्याकाळी बाटली हातात. तपकिरी, इवलीशी, वर माझं नाव छापलेलं. "खास तुमच्यासाठी. यात टिकवायचं काही नाही, तेव्हा फ्रिजमध्येच ठेवायचं." ठेवलं. मोहरीच्या चटणीशेजारी. रात्री जेवणं झाली, स्वयंपाकघरात बाकावर आडवा झालो, वुबकेनं बाटली काढली आणि थेंब सोडले.

तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघर निघालं. म्हणजे जागचं उठून चाललं. दिवा इकडे, चुलीचा पत्रा तिकडे, वुबके तर छतावरून विचारतेय "काय झालं रे?" मी बाकाचा पाय धरून बसलो. माझे वडील मासेमारीच्या बोटीवर होते, वादळाच्या गोष्टी सांगायचे, मला वाटायचं वाढवून सांगतात. थोडं थांबलं तसा ओकेनला फोन लावला. तो शांत. "हो हो, गार थेंब कानात गेले की चक्कर येतेच. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची." "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" "बाटलीवर लिहिलंय." लिहिलंय खरं. मुंगीला चष्मा लावून वाचता येईल एवढ्या अक्षरात.

मग मुठीत धरून कोमट केलं. तर ते दाट. थेंब बाटलीच्या तोंडाशी येऊन लोंबतोय, खाली पडायचं नाव नाही, मी मान वाकडी करून पडलोय, वुबके बाटली धरून उभी, चहा गार होतोय... चहा गार होणं म्हणजे काय हे आमच्याकडे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल, वुबके त्या चहावरून घटस्फोट घेईल. परत ओकेन. त्याला काय, आनंदच. "पातळ करू, खास तुमच्यासाठी." पातळ केलं, ते इतकं पातळ की या बाजूनं घातलं आणि मानेवरून सदऱ्यात. कान सोडून सगळं निर्जंतुक झालं. मग तिसऱ्यांदा घोटलं. ते बसलं. ओकेन स्वतः सायकलवरून घरी देऊन गेला, दारात उभा राहून माझ्या कानाकडे असा बघत होता, जणू मुलगी सासरी पाठवतोय.

पण तोवर ईस्टर आला हो दारात. पास्टरबाई म्हणाली, "रोल्फ्स, नुसतं जमेल तसं करा." जमेल तसं! असली वाक्यं माणसाचं नाव बुडवतात. डॉक्टर नको म्हणाली होती, मी गेलो. एक कान कोमट औषधानं भरलेला, वर कापूस, आणि दुसऱ्या कानानं सूर लावतोय. आता तुम्हाला म्हणून सांगतो, दोन नळ्यांचे सूर नीट जुळले नाहीत की हवेत लहर उठते, वँव-वँव-वँव अशी. ती लहर मरेपर्यंत नळी ठोकायची, हाच माझा धंदा. बारीक नळ्यांची लहर फार बारीक असते. मला वाटलं, मेली. वुबकेला विचारलं, "मेली का गं?" ती म्हणाली, "मी पट्टी दाबते, मला काय विचारतोस?" सामान आवरलं, घरी आलो.

ओकेनचं औषध लागू पडलं. हे मान्य करायला जड जातं, पण पडलं. ईस्टर होऊन गेल्यावर एका सकाळी दाढी करताना टप्प करून कान उघडला आणि जग परत आलं. नळाचं ठिबकणं, कावळे, वुबकेचं बडबडणं, सगळं. पुढच्याच रविवारी ऐटीत ओस्टरवार्फच्या चर्चमध्ये जाऊन बसलो. ऑर्गन सुरू झाला. वरच्या सगळ्या नळ्या लहरत होत्या. सगळ्या. आख्खा वरचा सूर असा थरथरत होता, थंडीत उभ्या माणसाच्या दातांसारखा. मी मान खाली घालून बसलो. वाटलं, झालं, आता हा बट्टा मेल्यावरच पुसला जाईल.

सोमवारी हत्यारांची पिशवी घेऊन गुपचूप गेलो, कुणाच्या नजरेस पडायच्या आत नीट करून टाकावं म्हणून. आत पहिल्या बाकावर टोन्ना काकू बसलेली. ही काकू म्हणजे, तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आलाच नाही, तेव्हापासून तिनं चर्चची पायरी चढली नव्हती. देवावर रुसली होती आणि ते लपवतही नव्हती. मी विचारलं, "काकू, तू इथं कशी?"

म्हणाली, "ईस्टरला मुलीनं ओढून आणलं. ऑर्गन वाजला बघ. आधी कसा वाजायचा, सरकारी माणूस बोलल्यासारखा. या वेळी त्याचा आवाज कापत होता, हाब्बो. मला वाटलं, चला, देवाच्या या घरात कुणाला तरी वाईट वाटतंय. तेव्हापासून येऊन बसते." मग पिशवीकडे पाहिलं. "काय करायला आलायस?"

आता काय सांगू? माझी चूक झाली म्हणू? बुरशी झाली होती म्हणू? मी म्हटलं, "काही नाही, जरा धूळ..." ती म्हणाली, "धूळ पूस. बाकी कशाला हात लावायचा नाही. मी जिवंत आहे तोवर नाही." आणि बसून राहिली. बरं, खात्री करायला बसून राहिली. मी धूळ पुसली. पिशवी न उघडताच घरी आलो. वुबकेनं गरम चहा ओतला.

मला वाटलं, इथं संपलं. कुठलं संपतंय? परवा पास्टरबाईचा फोन. म्हणाली, शेजारच्या गावचे लोक ईस्टरला आले होते, त्यांनाही ऑर्गन लावून हवाय. मी म्हटलं, लावू की. तर म्हणते, "नाही, रोल्फ्स, त्यांना अगदी आमच्यासारखाच लावून हवाय."

मी अख्खी हयात सूर जुळवण्यात घालवली, तुम्हाला सांगतो. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मंगळवारी जायचंय. आत्ताच वुबकेला विचारून आलो, घरात कानाचा कापूस कुठं ठेवलाय.