भिंतीजवळचे वांगे

माझ्या बागेत काय कुठं लावायचं, हे शेजारच्या काकू ठरवतात, हे मले यंदा कळलं गा.

भिंतीजवळच्या वाफ्यात मी दरवर्षी वांगेच लावायचो. काकू पलीकडून हात घालून भरतापुरते तोडून न्यायच्या. विचारायची पद्धतच नव्हती. गेल्या वर्षी मात्र झाडं उभ्या उभ्या सुकली. म्हणून यंदा वांगे मागच्या कोपऱ्यात नेले आणि भिंतीजवळ मेथी टाकली.

वांगे लागले तशा काकू फाटकातून आल्या. कधी नाही ते!

"माह्यावर रागावला का गा?"

"नाही काकू, काहून?"

"मंग वांगे माह्यापासून दूर काहून नेले?"

मी समजावलं, दरसाल एकाच जागी एकच पीक घेतलं का मातीत रोग राहते, म्हणून जागा बदलावी लागते. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पुढच्या साली भिंतीजवळ काय लावशीन?"

"गाजर."

"अन् वांगे?"

"विहिरीकडं."

काकूंनी विहिरीकडं पाह्यलं, मंग भिंतीकडं पाह्यलं. "बरं. लाव कुठंही. फक्त या भिंतीत एक दार ठेव."

उद्या गवंडी येऊन राहिला.