टिटवीचा पहारा

हाडांच्या डॉक्टरांकडे माझा नंबर चौदावा होता. शेजारी एक माळी दोन्ही खांदे चोळत बसला होता. एका कचेरीच्या गच्चीवरची हिरवळ तो सांभाळायचा. सोबत बायको होती.

“डॉक्टरांना काय सांगणार? तीन दिवस बुजगावणं झालो होतो म्हणून?”

“अगं, मग करू काय? पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही म्हणून मॅनेजरसाहेबांनी बुजगावणं काढून टाकलं. टिटवीने नेमकी त्याच्याच पायाशी चार अंडी घातलेली. कावळे टपूनच होते.”

“म्हणून तुम्ही हात पसरून उभे!”

“हात खाली आला की कावळा कठड्यावर हजर.”

“घरी लोकर गुंडाळायला दोन मिनिटं हात पुढे धरा म्हटलं, तर लगेच अवघडतात!”

“तुझ्या लोकरीतून पिल्लं निघणार आहेत का?”

“अहो, नवं बुजगावणं करा ना!”

“पेंढा उद्या येतोय.”

“मग आत्ता तिथे कोण आहे?”

“ज्यांनी काढलं, तेच. अंडी दाखवली, तर डोळे भरून आले बिचाऱ्यांचे. देव त्यांचं भलं करो. माझी टोपी घालून आलोय त्यांना.”

तेवढ्यात माळ्याचा फोन वाजला. तो अदबीने उठून उभा राहिला.

“बोला साहेब... नाक खाजतंय? थोडं सोसा साहेब, आलोच मी... कावळा? कठड्यावर? अहो साहेब, येणारच तो! फोन कुठल्या हाताने धरलाय तुम्ही?”