टेस्ट लिहायचं नाही

मंडळी, सगळे आलात. वाळूजचे आलात, शेंद्र्याचे आलात, करमाडहून मुनीरभाईंच्या घरचे आले. भाभी, तुम्ही आलात. सना बेटा, तू आलीस. बरं वाटलं. मला म्हणाले, ताई, तुम्ही बोला, तुम्हाला बोलता येतं. मला भांडता येतं, बोलणं वेगळं. आणि आज ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांच्याशीच मी सगळ्यात जास्त भांडलेय. तेव्हा मधेच थांबले तर थांबू द्या. पाणी आणायला कुणी धावू नका.

ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी सांगते. मी सुनंदा. माहेर देवगाव रंगारीचं. वाळूजला आमचं रबरी सील बनवायचं छोटं युनिट आहे. चार प्रेस, बारा माणसं. माझे मिस्टर अशोकराव यांनी ते उभं केलं, आणि ते गेल्यावर मी बघायला लागले. दोन आठवड्यांपूर्वी मुनीरभाई सकाळी चहा घेता घेता गेले. कप हातातच होता, असं भाभी सांगत होत्या.

आता मुनीरभाईंचं काम काय होतं, हे इथल्या निम्म्या लोकांना अजून धड सांगता यायचं नाय. मलाही दोन वर्षं येत नव्हतं. कंपनीचं इंटरनेटवर एक नाव असतं, डोमेन म्हणतात त्याला. त्या नावावर येणारे ईमेल ठेवायला क्लाऊडमध्ये जागा घ्यावी लागते. नाव एकीकडं, जागा दुसरीकडं. मधला रस्ता जोडून द्यायचा, हे मुनीरभाईंचं काम. ते म्हणायचे, "ताई, पोस्टमनला सांगायचं, या नावाची पत्रं आता त्या घरी टाकत जा. बस, इतकंच." इतकंच म्हणायचे, आणि दिवसभर बसून राहायचे.

व्हय, बसून राहायचे. रस्ता जोडला की लगेच चालू होत नाय. जगभर ती खबर पसरायला काही तास लागतात. दुसरे लोक म्हणतात, होईल आपोआप, आणि जातात घरी. मुनीरभाई खुर्ची ओढून बसायचे. पहिलं पत्र येऊन पडेपर्यंत उठायचे नाहीत. जुन्या जागेतला ईमेलचा डबा पंधरा दिवस तरी बंद करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "कुणीतरी जुन्या रस्त्यानं निघालेलं असतं ना."

आणि त्यांचा एक नियम होता. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो माहीत आहे, कारण तुम्हीही त्यात अडकलात. नवीन पत्त्यावरून पहिलं पत्र लिहायचं ते 'टेस्ट' असं लिहायचं नाही. सगळी दुनिया 'टेस्ट' लिहिते. मुनीरभाई म्हणायचे, "नक्को. टेस्ट लिहायचं नाही. खरं काहीतरी लिहा. पत्र आहे ते." आपले गायकवाड मामा समोर बसलेत. मामांनी पहिलं पत्र मामींना लिहिलं होतं, येताना कोथिंबीर आणू का. व्हय की नाय मामा? आणि मामींचं उत्तर आलं, आधी वेळेवर या. मुनीरभाई म्हणाले, झालं, दोन्हीकडून चालू आहे.

हसा, मंडळी. त्यांना चाललं असतं.

माझी त्यांची ओळख मात्र हसण्यातून झाली नाय. अशोकराव गेले त्याला सात महिने झाले होते. एके दिवशी पुण्याच्या आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन आला. म्हणाले, वहिनी, कंपनी बंद केली का? मी म्हणलं, कोण म्हणतं? म्हणाले, चार दिवस झाले, आमचे सगळे मेल परत येतायत. मी कॉम्प्युटर उघडला तर सगळं गप्प. काय झालं होतं, ऐका. आमच्या डोमेनची मुदत संपली होती. मुदत संपतेय, नूतनीकरण करा, अशी पत्रं दोन महिने येत होती. पण कुठं? अशोकरावांच्या पत्त्यावर. आणि तो पत्ता कुणी उघडत नव्हतं. मी मुद्दामच उघडत नव्हते. मला वाटायचं, तो उघडला की ते गेले हे पक्कं होईल.

शेजारच्या युनिटवाल्यांनी नंबर दिला, आणि मुनीरभाई करमाडहून मोटारसायकलवर आले. जालना रोडनं अख्खं शहर ओलांडून. शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाले, "ताई, नाव अजून हातचं गेलं नाही. थोडे दिवस आहेत. पण मालक साहेब आहेत कागदावर, म्हणून एक कागद लागेल." मी म्हणलं, कोणता? त्यांनी आधी खिडकीकडं बघितलं. मग म्हणाले, "साहेबांचा दाखला." मृत्यूचा दाखला म्हणायचं होतं, पण तो शब्द त्यांनी उच्चारला नाय. तरी मी भडकले. म्हणलं, माणूस गेला ते गेला, आता मेलसाठीसुद्धा पुरावा द्यायचा का मी? मी रडले, मग कपाट उघडून दाखला आणून दिला. सात महिन्यांत तो कागद मी पहिल्यांदा हातात घेतला होता.

नाव परत मिळालं. रस्ता जोडला. मी म्हणलं, आता साहेबांचा पत्ता बंद करून टाका. ते म्हणाले, "आत्ता नको ताई. राहू द्या. त्यावर आलेलं तुम्हालाही दिसेल असं करतो. बघा थोडे दिवस." मी बघायला लागले. मंडळी, मला माझा नवरा त्या डब्यात नव्यानं कळला. लोक अजून त्यांना लिहीत होते. चाकणचा एक साहेब लिहीत होता, अशोकराव, तुम्ही सांगितलेलं मिश्रण टिकलं, धन्यवाद. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं काही. मी एकेकाला उत्तर देत गेले, की ते आता नाहीत, मी त्यांची पत्नी, आता मी बघते. 'आता मी बघते' हे मी लिहीत गेले आणि तसतशी बघायला लागले. मला धंदा त्या उत्तरांनी शिकवला. तो डबा बंद केला असता, तर मी युनिट विकून माहेरी गेले असते. हे मी मुनीरभाईंना कधी सांगितलं नाय. आज सांगतेय.

आता ज्याच्यासाठी मी खरी उभी राहिलेय, ते सांगते. मला सांगायला लाज वाटते. पण भाभी, सना, तुमच्यासमोरच सांगायचंय.

नाव परत मिळालं तेव्हा मुनीरभाई म्हणाले, ताई, हे आता तुमच्या नावावर करू. मी म्हणलं, माझ्या डोक्याला हे जमत नाय, तुमच्याच खात्यात ठेवा. ते म्हणाले, "नक्को ताई. नाव मालकाकडंच पाहिजे. माझ्याकडं ते अमानत आहे, दुसऱ्याची ठेव." मी म्हणलं, ठेवा हो, तुम्ही आहात ना. सध्यापुरतं म्हणून त्यांनी ठेवलं. पुढच्या वर्षी परत म्हणाले. मी म्हणलं, तुम्ही आहात ना. त्याच्या पुढच्या वर्षी परत. तुम्ही आहात ना. पाच वर्षं माझं एकच उत्तर. त्यांनी दुसऱ्या कुणाचंही नाव स्वतःकडं ठेवलं नाय. इथं बसलेल्या प्रत्येकाची किल्ली त्यांनी प्रत्येकाच्या हातात दिली. एकटी मी हट्टी.

या उन्हाळ्यापासून तर ते फारच मागं लागले. आठवड्याला फोन. ताई, फुरसत काढा, दहा मिनिटांचं काम आहे. मी वैतागायचे. एकदा प्रेस अडकली होती, हात तेलानं भरलेले, आणि यांचा फोन. "ताई, तुमच्या मोबाईलवर सहा आकडे आलेत, तेवढे सांगा." मी म्हणलं, मुनीरभाई, तुम्हाला आकड्यांचं वेड लागलंय, इथं माझं मशीन मेलंय, घ्या लिहून. आकडे सांगितले आणि फोन आपटला. आमचं शेवटचं बोलणं ते. कशाचे आकडे, हेही मी विचारलं नाय.

आणि मग ते गेले.

मंडळी, खरं सांगते. बातमी कळल्यावर पहिले दोन तास मी रडले. आणि तिसऱ्या तासाला मला आठवलं, की माझ्या कंपनीचं नाव त्यांच्या खात्यात आहे. मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. गेल्या वेळी नाव परत आणायला मुनीरभाई होते. आता कोण? अशोकरावांनी ठेवलेलं नाव, बारा घरं त्यावर चालतात, ते सुटलं तर कुणीही उचलून नेईल. करमाडला तुमच्या घरी आले तेव्हा भाभी, तुम्ही माझा हात धरून बसला होता. आणि माझ्या मनात चाललं होतं, यांना पासवर्ड कसा विचारू? सनानं पाणी दिलं आणि विचारलं, "आंटी, काही काम होतं का?" मी म्हणलं, नाय बेटा, काही नाय. काम होतं. जिभेवर आलेलं गिळून मी परत आले. तुम्ही मला मायेनं दारापर्यंत सोडायला आलात, आणि मी अशी.

त्यादिवशी निघताना भाभींनी आणखी एक सांगितलं. उन्हाळ्यातच डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय थकलंय म्हणून. त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, की हा माणूस दर आठवड्याला फोन का करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसात बसले. म्हणलं, गेल्या वेळचे कागद तरी शोधू. ते अशोकरावांच्या डब्यात असतील म्हणून तो उघडला. तीनेक वर्षं झाली, मी तो उघडायचं सोडलं होतं. माझ्या स्वतःच्या मेलवर तर जाहिरातींचा एवढा ढीग, की त्यात कामाचं काही आलं तरी दिसत नाय. तर अशोकरावांच्या डब्यात सगळ्यात वर एक पत्र. न उघडलेलं. मुनीरभाईंचं. मी फोन आपटला, त्याच दिवसाचं.

मी ते लिहून आणलंय. वाचते.

"अशोक साहेब, सलाम. आपली भेट कधी झाली नाही, पण तुमचा पत्ता मी इतकी वर्षं सांभाळतोय. आज कंपनीचं नाव ताईंच्या नावावर केलं. लई वर्षं टाळत होत्या. आज मशीन बंद होतं म्हणून रागात आकडे सांगून टाकले. त्यांना वाटतं हे आपल्याला जमणार नाही. त्यांना सगळं जमतं, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत असेल. खातं बदलल्यावर पत्रं नीट पोचतात का ते बघायचं होतं, म्हणून हे लिहिलं. टेस्ट लिहायचं नाही, हा माझाच नियम आहे. तुम्हाला मिळालं म्हणजे ताईंना मिळालं. अमानत परत केली. मुनीर."

थांबा जरा.

नाव माझ्याकडंच होतं, मंडळी. मी करमाडला पासवर्ड कसा विचारू म्हणत बसले होते, तेव्हाही ते माझ्याकडंच होतं. आणि ते मला सांगणारं पत्र परत त्याच डब्यात पडून होतं, जो मी उघडत नव्हते. एकच चूक मी दोनदा केली, आणि दोन्ही वेळा मुनीरभाईंनी ती निस्तरली. दुसऱ्या वेळी तर जाता जाता.

भाभी, माफ करा मला. तुमच्या दुःखात मी माझं काम घेऊन आले होते.

त्या पत्राला मी उत्तर लिहिलं. त्यांच्याच पत्त्यावर. काल सनाचा फोन आला. म्हणाली, "आंटी, अब्बूंच्या पत्त्यावर तुमचं पत्र आलंय. मी तो बंद केला नाही." मी म्हणलं, नको करूस बेटा. जुन्या रस्त्यानं कुणी ना कुणी निघालेलं असेल. मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. मुनीरभाई, पत्र मिळालं. आता मी आहे.

रस्ता जोडून झाला की मुनीरभाई खुर्ची ओढून गप्प बसायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, पोचेल, जरा वेळ द्या. आज आपण सगळे त्यांच्यासारखं बसू या. फोन खिशात ठेवा. दोन मिनिटं, त्यांना जे सांगायचं राहिलं असेल, ते ज्यानं त्यानं मनात सांगायचं. फक्त, टेस्ट लिहायचं नाही.

मुनीरभाई, सलाम.