दातावरची वाटणी

(सिरसाळ्यात शेळ्यांच्या लसीकरणाचं शिबिर संपत आलंय. लॅपटॉपपाशी रोहिणी, समोर सटवा.)

सटवा : परवा तुमीच भरून घेतलं ना माझं नाव? मग आज कावून न्हाई?

रोहिणी : भरलं होतं, सटवाभाऊ. पण इथं फक्त तुमच्या भावाचा, परमेश्वरभाऊंचा कळप दिसतोय.

सटवा : दिसनारच! त्यानंच काढायला लावलं आसंल. येगळं निघाल्यापून मी त्याच्या डोळ्यात सलतोय.

रोहिणी : असं सांगायला कुणी आलेलं नाही इथं.

सटवा : शेजारच्या वाड्यात शेरडं मरायलीत, ताई. माझ्यायला लस न्हाई, आन् लसीची गाडी निघाली माजलगावला. घरी बायकोला, बायडाबाईला, काय सांगू?

रोहिणी : लखनला फोन लावतेय, ड्रायव्हरला. उचलत नाही. बरं, शेळ्या परत सांगा.

सटवा : दोन दाती चार, चार दाती सहा, आठ दाती पाच.

रोहिणी : अगदी हेच आकडे परमेश्वरभाऊंचे?

सटवा : आसनारच. मायनं वाटनी दातावर केली, दातावरून शेरडाचं वय कळतंय. एकेकीचं तोंड उघडून बगितलं. एक दोन दाती त्याला, एक मला. कुनाला कमी न्हाई, कुनाला जास्ती न्हाई.

रोहिणी : अरे देवा. चूक माझी आहे, भाऊ.

सटवा : तुमची?

रोहिणी : एकच कळप दोनदा भरला तर दुसरा काढून टाक, असं मी प्रोग्रामला सांगितलं होतं. ‘कळप’ हा क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, तयार लिस्टवरून, म्हणजे नुसत्या आकड्यांच्या यादीवरून बनवला, त्यात मालकाचं नाव जोडलं. पण दोन कळप सारखे कधी म्हणायचे, हे लिहिलंच नाही. मग त्यानं लिस्टचीच रीत धरली. नुसते दात जुळवले. नाव बघितलंच नाही.

सटवा : म्हंजी परमेश्वरनं काई...

रोहिणी : त्यांचा काही संबंध नाही.

सटवा : सकाळी तुमच्या मानसानं नाव न्हाई म्हनलं, तसा तडक त्याच्या दारात गेलतो. चार लोकांत म्हनलो, लसीतून माझं नाव काढलंस, तुझा वाडा रिकामा होऊ दे.

रोहिणी : थांबा, लागला फोन. स्पीकरवर टाकते. लखन, आहेस कुठं? मागं फिर.

लखन : (फोनवर) फिरू कसा, ताई? फाट्यावर आडकलोय. एक जन गाडीपुढं उबा हाय, कवाचा. परमेश्वर नाव सांगतोय.

रोहिणी : काय म्हणतात?

लखन : म्हनतो, माझ्या भावाची शेरडं राहिली, गाडी सोडनार न्हाई.

सटवा : ...त्याला म्हनावं, उनात उबा राहू नको. मी यायलोय.