महापुराची पाटी

वाळूच्या पोत्यांसाठी अग्निशमन केंद्रासमोर रांग लागली होती. लिओनाच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते.

"व्हर्जिल, नदी कुठवर चढली?"

"रस्त्याकडेच्या लोखंडी पाटीच्या खांबाला लागलीय. 'महापूर इथवर आला होता' ती पाटी."

"मग घाबरायचं काय? पाटीच्या वर पाणी जात नाही. तीच बघून लोकांनी घरं बांधलीत."

लिओनानेही तीच बघून बांधलं होतं, पाटीहून दोन हात वर.

"ऑरिन, तू खुळाच राहिलास. ती पाटी मूळ जागी आहे कुठे? रस्ता रुंद केला तेव्हा मीच उपटली."

"आणि?"

"खाली आणून रोवली. वर गाड्या थांबवायला जागा नव्हती. साहेब म्हणाला, लोकांना उतरून वाचता आलं पाहिजे."

"अरे देवा! मग कुणाला बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं? चाळीस वर्षं तिथं फोटो काढतायत लेकाचे."

लिओनाने व्हर्जिलची बाही धरली.

"काका, मूळ पाटी कुठे होती?"

"तुझं घर कुठलं गं?"

"उतारावरचं, निळ्या छपराचं."



"छपराच्या वरच्या अंगाला अक्रोडाचं झाड दिसतं ना? त्याच्या बुंध्याशी होती. घरात कोण आहे?"

"आई. तिला उठता येत नाही. मीच सांगून आलेय, पाटीच्या वर पाणी येत नाही, झोप निवांत."

"ऑरिन, पोती राहू दे. गाडी काढ."