बुडबुडा मध्यावर

…नाही, पण मला सांगा, गाडी जरा कललेली असली म्हणून कुणाचं काय बिघडलं होतं? चालत होती ना? चारही चाकं ओढतात, चिखलातून कुरकुरत का होईना बाहेर येते, हॉर्न तर न दाबताही वाजतो… आणखी काय पाहिजे माणसाला? पण नाही! नवरा म्हणाला, "गाडी उचलायची. चांगली चार बोटं वर. आणि एकदम पाणसळीत आणायची!" आता मी मुळातच कमी बोलणारी… हसू नका, खरंच कमी बोलते, माहेरी मला मुखस्तंभ म्हणायचे… त्यात लग्न नवं, चहाची गाळणी कुठल्या खिळ्याला अडकवायची हेच अजून नक्की नाही, तिथे गाडीबद्दल काय बोलणार? मी आपली गप्प.

कललेली म्हणजे कशी, तर स्टिअरिंगच्या बाजूला. सासरे भरदार होते. ते चढून बसले की गाडी "हुं" करायची, असं सासूबाई सांगतात. इतकी वर्षं एकच माणूस एकाच बाजूला बसला, त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे दबले ते दबलेच. मी त्यांना पाहिलंच नाही हो, आमचं लग्न ठरायच्या आधीच गेले. मी सासरे पाहिले ते असे, गाडी जिथे खाली गेलीय तिथे.

आणि ते गेल्यापासून सासूबाई त्या गाडीत बसलेल्या नाहीत. एकदाही नाही! दवाखान्यात जायचं तरी बस धरणार. नवरा बिचारा रोज किल्ली बोटात फिरवत विचारतो, "आई, सोडू का?" की त्या, "नको रे, जाते मी." की किल्ली फिरायची थांबते. मग रात्री मला म्हणतो, "तिरकं बसून तिची कंबर धरते गं. गाडी सरळ झाली की बसेल बघ."

कंबर! तुम्हाला सांगते, कंबरेचा काही संबंध नव्हता. एकदा भांडी पुसताना सासूबाई आपणहून बोलल्या होत्या, "बसलं की अंग आपसूक तिकडे जायचं गं. खांद्याला खांदा. हे म्हणायचे, जरा सरक, मला गाडी चालवू दे. मी म्हणायची, आधी गाडी सरळ करा, मग सरकते… आता कलायची भीती वाटते बाई." आणि पुसलेलीच ताटली पुन्हा पुसायला घेतली. यावर काय बोलतात? मी आपली गप्प.

तर सुट्टीच्या दिवशी सकाळी मामा हजर. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, जगातल्या कुठल्याही कामात "सरक, तुला नाही जमायचं" म्हणून हात घालणारे. काखेत त्यांची ती पाणसळ, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला ठेवतात ना, काचेच्या नळीत बुडबुडा असतो, ती. मी या घरात आले त्याच दिवशी मला ती दाखवून झाली होती. नवी नवरी दारात उभी, आणि मामा पोर्चच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतून दाखवतायत, "बघ सूनबाई, थेंब साचतो का? उतार दिलाय मी! त्या मोरीकडे! याच पाणसळीनं!" रोज मीच धुते ती फरशी, पाणी आपलं न सांगता मोरीकडे पळतं… हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. मामांनी नाही ठेवलं.

मग सुरू झालं! जॅक लावला, चाकं काढली, नट सुटेनात म्हणून तेल, तरी सुटेनात म्हणून शिव्या, मग मी आहे हे दिसल्यावर शिव्या अर्ध्यात गिळल्या… दुपारपर्यंत गाडी उचलायच्या किटातले ठोकळे चारही पाट्यांवर बसले आणि गाडी उंच झाली. छान उंच झाली. आणि उंचावरून कलली! आधी खाली कललेली होती, आता वर जाऊन कलली, एवढाच फरक! मग स्टिअरिंगच्या बाजूला जास्तीच्या लोखंडी पट्ट्या. बंपरवर पाणसळ, मामा गाडीखाली, नुसते पाय बाहेर, आणि आतून आवाज, "बुडबुडा कुठाय?" "अजून तिकडेच, मामा." "घाल आणखी एक! बुडबुडा मध्यावर आला पाहिजे!"

आणि हे सगळं कुठे चाललंय? पोर्चमध्ये! उताराच्या फरशीवर! मोरी गाडीच्या डाव्या अंगाला, कल उजवीकडे, म्हणजे फरशीनंच अर्धा कल खाल्लेला… मी म्हटलं, "अरे, पण ही फरशी…" गाडीखालून हुकूम आला, "सूनबाई, चहा टाक!" टाकला. देताना पुन्हा म्हटलं, "मामा, या फरशीला…" "फरशीला काय झालं? तेल पुसू गं नंतर!" तेवढ्यात नवरा ओरडला, "आला! मामा, मध्यावर!" ग्रीसनं काळा झालेला, आणि चेहरा असा की शाळेत पहिला नंबर आलाय. त्या चेहऱ्यावर फरशी कशी टाकणार? मी आपली गप्प.

सासूबाई दारात आल्या. गाडीकडे बघत राहिल्या. "झाली सरळ?"

"अगदी! बघ बुडबुडा! तुझ्यासाठीच केली, आई."

"सरळ झाली असेल तर बसते," म्हणाल्या.

गाडी उंच झालेली, स्टूल आणलं, मी हात दिला, तर त्यांचा हात गार. मी मागे बसले. पुढे स्टिअरिंगवर नवरा, शेजारी सासूबाई ताठ, दाराची मूठ घट्ट धरून. पाणसळ पुढे काचेखाली ठेवलेली, बुडबुडा मध्यावर. गाडी फाटकाबाहेर निघाली, सपाट रस्त्याला लागली… आणि "हुं" करून सावकाश उजवीकडे कलली.

तुम्हाला सांगते, मला वाटलं, आता या म्हणणार, थांबव, उतरते, आणि पुन्हा जन्मात बसणार नाहीत! सासूबाईंचं अंग आपसूक तिकडे गेलं. खांदा लेकाच्या खांद्याला टेकला. त्यांनी डोळे मिटले. मूठ सुटली… आणि सरकल्या नाहीत. तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "सरळ झाली हो गाडी. अगदी सरळ."

नवऱ्यानं पाणसळीकडे पाहिलं. बुडबुडा पार डावीकडे, कोपऱ्यात जाऊन बसलेला. खांद्याकडे पाहिलं. आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग एका हातानं पाणसळ उचलून कप्प्यात टाकली, आणि कप्पा लावून घेतला. जमेल तितकी हळू गाडी चालवली त्यानं.

आता सासूबाई रोज बसतात. स्टूल गाडीतच असतं. गाडी घरी तेवढी सरळ असते, बाहेर पडली की कलते, आणि याबद्दल आमच्याकडे कुणी कुणाशी एक अक्षर बोलत नाही.

काल मामा आले. मी फरशी धूत होते, गाडी शेजारीच उभी. कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "बघ सूनबाई, फरशीला कसा उतार, थेंब साचत नाही! आणि तिच्यावर ही गाडी बघ, रेघ मारल्यासारखी सरळ! दोन्ही कामं एकाच पाणसळीची!"

म्हटलं, "हो ना मामा. चहा टाकू?"